खुंटी की तुळई?

एका रात्री मी लिनक्सचा कर्नल एकटाच चालू करून बघितला. एकटा म्हणजे अगदी एकटा. सोबत डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही, फाइली दाखवणारा प्रोग्रॅम नाही, आज्ञा टाइप करायची काळी खिडकीसुद्धा नाही. संगणकाच्या पोटात एक नकली संगणक चालवता येतो. त्याला दहा-बारा एमबीची ही एक फाइल दिली, एक कोरी डिस्क जोडली आणि बघत बसलो.

पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या. प्रोसेसर सापडला. मेमरी मोजून झाली, कुठला भाग कोणाला दिला याची वही उघडली गेली. घड्याळ लागलं. डिस्क दिसली, तिच्यावरची मांडणी वाचता आली. हे सगळं दोन-तीन सेकंदांत आणि कुठेही न अडखळता. मग कर्नल त्या कोऱ्या डिस्कवर एक प्रोग्रॅम शोधायला लागला. हा पहिला प्रोग्रॅम, याला इनिट म्हणतात. तो कुठे असू शकतो याच्या चार जागा कर्नलला आधीपासून ठाऊक असतात. चारही जागा रिकाम्या निघाल्या. शेवटची ओळ उमटली, ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: नो वर्किंग इनिट फाउंड’, आणि सगळं थिजलं.

त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत होतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत याची सुरुवात केली, आणि तेव्हापासून जगभरचे हजारो लोक त्यात भर घालत आले. जगातल्या ५०० सर्वांत ताकदवान महासंगणकांची यादी निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तिच्यातले सगळेच्या सगळे याच कर्नलवर चालतात. आणि एकटा सोडला तर त्याला करायला काहीच नसतं! प्रोसेसरचा वेळ वाटून देणं, एकाच्या मेमरीत दुसऱ्याला पाय टाकू न देणं, डिस्क आणि नेटवर्क सर्वांना पुरवून वापरू देणं ही त्याची कामं. ती सगळी दुसऱ्यांसाठी. पंगत मांडून झाली, पानं घेतली, आणि जेवायला कोणी आलंच नाही, तर वाढप्याने काय करायचं?

विंडोज बरी की मॅक की लिनक्स, हा वाद सुरू झाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सोबत आलेलं सॉफ्टवेअर मोजू नका, निव्वळ ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना करा.’ म्हणण्यात तथ्य आहे. कॅल्क्युलेटर, चित्रं काढायचा प्रोग्रॅम, पत्त्यांचा खेळ हे कोणीही नंतर घालू शकतं. आणि नुसतं मोजायचंच ठरवलं तर २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्समध्ये ६४,४१९ पॅकेजेस आहेत. त्या आकड्यापुढे तुलनेला काही अर्थच उरत नाही. पण सोबतचं सगळं काढून टाकत गेलं की शेवटी हाती येतो तो माझ्या पडद्यावर थिजलेला कर्नल. त्याची तुलना कशाशी करणार?

जुन्या वाड्यात भिंतीला खुंट्या असतात आणि छताला तुळया. दोन्ही लाकडाच्या, दोन्ही वाड्याबरोबरच मिळालेल्या. खुंटी उपटली तर भिंतीला एक भोक राहतं. तुळई काढली तर माळा अंगावर येतो. तुलनेत मोजायची ती तुळई, असं माझं स्पष्ट मत आहे. सोबत किती वस्तू आल्या याने फारसं काही कळत नाही. एखादी वस्तू काढली तर तिच्याबरोबर आणखी काय काय खाली येतं, याने कळतं. अडचण एवढीच की संगणकात खुंटी आणि तुळई बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. हलवून बघावं लागतं. आणि हलवून बघायला लागलं की एकेक अशी गोष्ट दिसते की विश्वास बसत नाही.

कॅल्क्युलेटरचंच घ्या. याच्याहून साधी खुंटी कुठली असणार? युनिक्स ही बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडत गेलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात सुरुवातीपासून छोट्या छोट्या अवजारांचा डबा होता. एक शोधून देणारं, एक क्रम लावणारं, एक मोजणारं. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून ‘पाइप’ आले आणि एका अवजारातून बाहेर पडलेलं थेट दुसऱ्यात ओतता येऊ लागलं. पुढे युनिक्ससारख्या सिस्टिम कशा असाव्यात याचं ‘पॉझिक्स’ नावाचं प्रमाण लिहिलं गेलं. त्याचा १९९२ चा एक पूर्ण भाग या डब्यातल्या अवजारांसाठी आहे, आणि त्यांच्यात ‘बीसी’ नावाचा एक कॅल्क्युलेटर आहे. म्हणजे ज्याला आपण तोंडीलावणं समजत होतो, तो इथे पानात पडलाच पाहिजे असा पदार्थ आहे.

खरी गंमत पुढेच आहे. ३.१० या आवृत्तीपासून खुद्द लिनक्स कर्नल बांधायला हा बीसी लागू लागला. कर्नलच्या आत वेळेची मापं एकातून दुसऱ्यात बदलावी लागतात, घड्याळाच्या ठोक्यांची मिलिसेकंदं आणि मिलिसेकंदांचे ठोके. त्यासाठीचे गुणक आधीच काढून ठेवले तर काम वेगाने होतं. हे गुणक कर्नल बांधताना बीसी काढून देतो. म्हणजे जगातले सर्वांत मोठे संगणक हाकणारा कर्नल जन्माला येताना एका छोट्या कॅल्क्युलेटरचं बोट धरून येतो. मी चालू केलेल्या त्या एकट्या कर्नलमध्येही त्या कॅल्क्युलेटरने केलेले गुणाकार होते. प्रोग्रॅम डिस्कवर नव्हता, पण त्याची उत्तरं आत होती.

त्याच डब्यात ‘कॅल’ नावाचं एक कॅलेंडर आहे. त्याला १७५२ सालचा सप्टेंबर विचारा. पहिल्या ओळीत मंगळवारी १, बुधवारी २, आणि गुरुवारी एकदम १४! इंग्लंडने त्या महिन्यात जुनी दिनदर्शिका सोडून ग्रेगरियन घेतली आणि ११ तारखा गाळल्या, त्या तशाच गाळून दाखवणारं हे अवजार. तो कायदा ब्रिटिशांच्या सगळ्या मुलखांना लागू होता, म्हणजे कंपनीच्या मुंबईलाही. तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता आणि तिथल्या पंचांगातली एक तिथीही हलली नाही. हे कॅलेंडर काढून टाकलं तर काहीही पडत नाही, ती निव्वळ खुंटी आहे. माझ्याच कसोटीवर ती मोजायची नाही, हे मला मान्य आहे. पण अशी खुंटी कोरून बसवणाऱ्या हाताबद्दल मनात जो आदर दाटून येतो, तो कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही.

१९८४ च्या २४ जानेवारीला पहिला मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याच्यासोबत लिहायला मॅकराइट आणि चित्रं काढायला मॅकपेंट मिळत होतं. मॅकपेंट बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलं होतं. पडद्यावर रेघ, चौकोन, वर्तुळ काढण्याचं काम ते स्वतः करत नव्हतं. मॅकच्या रॉममध्ये क्विकड्रॉ नावाचा एक भाग होता, त्याला सांगत होतं. क्विकड्रॉही अ‍ॅटकिन्सन यांचंच. पुढे १९८७ मध्ये अ‍ॅपलने क्लॅरिस नावाची वेगळी कंपनी काढली आणि मॅकपेंट तिच्याकडे विकायला दिलं. मॅक चालूच राहिला. क्विकड्रॉ असं उचलून देता आलं नसतं, कारण मॅकच्या खिडक्या, मेनू, बटणं सगळं तेच काढत होतं. एकाच माणसाच्या हातून एक खुंटी आणि एक तुळई घडली, आणि २०१० मध्ये दोन्हींचा मूळ मजकूर एकत्रच कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे गेला.

विंडोज ३.० मधला सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ वेस चेरी या मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलाने लिहिला आणि त्याचे पत्ते सुझन केअर यांनी काढले. तोही खुंटीच. पण माउसचं बटण दाबून वस्तू धरायची, ओढायची आणि सोडायची, हे वळण कितीतरी हातांना त्या पत्त्यांनीच लावलं.

वस्तू न काढताही खुंटी-तुळई ओळखता येते. तिच्यातली चूक कुठे जाऊन पोहोचते ते बघायचं. विंडोज एक्सपीपर्यंतच्या नोटपॅडमध्ये एक अजब प्रकार होता. ‘बुश हिड द फॅक्ट्स’ एवढंच इंग्रजीत लिहायचं, फाइल साठवायची, बंद करायची आणि पुन्हा उघडायची. इंग्रजी गायब, आणि त्या जागी नऊ चिनी चित्राक्षरं! लोकांनी यात राजकारण शोधलं. राजकारण नव्हतं. चार, तीन, तीन आणि पाच अक्षरांचे शब्द, मधल्या मोकळ्या जागा धरून एकूण १८ बाइट. फाइल उघडताना नोटपॅड विंडोजला विचारत असे, हा मजकूर कुठल्या पद्धतीने साठवलेला असावा? विंडोजमध्ये त्याचा अंदाज बांधणारा एक भाग होता. बाइटांची ठेवण बघून त्याने ठरवलं की इथे दोन-दोन बाइटांचं एकेक अक्षर आहे. अठराचे नऊ झाले, आणि त्या नऊ क्रमांकांवर चिनी अक्षरं बसलेली होती. नोटपॅड बिचारा जे सांगितलं ते दाखवत होता. चूक त्याच्या पायाखाली होती. त्याच भागाला विचारणारा दुसरा कुठलाही प्रोग्रॅम तसाच फसला असता. नोटपॅडकडे बोट दाखवून आपण खरं तर जमिनीकडे बोट दाखवत होतो, आणि हे कळायला एक चार शब्दांचं वाक्य पुरलं.

हलवून बघण्याचा सगळ्यांत मोठा प्रयोग मात्र न्यायालयात झाला. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर बांधून देऊन नेटस्केपसारख्या स्पर्धकांची वाट अडवली जाते, हा त्यातला एक मोठा आरोप. कंपनीचं म्हणणं असं की ब्राउझर वेगळा नाहीच, तो विंडोजचाच अवयव आहे. म्हणजे न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांच्यापुढे शब्दशः हाच प्रश्न उभा होता, खुंटी की तुळई?

प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून एक्स्प्लोरर काढणारा प्रोग्रॅम सरकारतर्फे सादर केला. काढून टाका, विंडोज चालत राहते, हे त्यांना दाखवायचं होतं. उलट मायक्रोसॉफ्टचे जिम ऑलचिन यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये एक चित्रफीत आणली. फेल्टन यांचा प्रोग्रॅम चालवल्यावर विंडोज कशी रडतखडत चालते, ते तिच्यात दाखवलं होतं. सरकारी वकील डेव्हिड बॉइज यांनी ती फीत थांबवत थांबवत दाखवली. खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीत जी अक्षरं असायला हवी होती, ती नव्हती. म्हणजे त्या दृश्यातल्या संगणकावर फेल्टन यांचा प्रोग्रॅम चाललेलाच नव्हता. फितीत एकाहून जास्त संगणक वापरल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. पट्टीवरच्या दोन-चार शब्दांनी एवढ्या मोठ्या खटल्यात केवढा गोंधळ उडवला!

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने लिहिलेलं. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा जॅक्सन यांचा आदेश त्यांनी रद्द केला. सोबत बांधून देणं हे मुळातच बेकायदा, असं सरसकट म्हणायलाही नकार दिला. मात्र एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली. ब्राउझरचा कोड आणि विंडोजचा कोड एकाच फाइलीत कालवलेला होता, त्यामुळे एक काढायला जावं तर दुसरं निघत होतं. याचं पटेल असं कारण कंपनीला देता आलं नाही, आणि हे वागणं न्यायालयाने गैर ठरवलं. म्हणजे खुंटीसुद्धा तुळईत ठोकून तुळई करता येते. एखादी वस्तू काढली की घर पडतं, एवढं दाखवून भागत नाही. ती तिथे कोणी आणि का रोवली हेही विचारावं लागतं. माझ्या कसोटीत ही भर त्या न्यायालयाने घातली.

युरोपने पुढे मीडिया प्लेअर वगळलेली विंडोज काढायला लावली. ती जवळपास कोणीच घेतली नाही. पण ‘एन’ नावाच्या या आवृत्त्या चालू राहिल्या, आणि प्लेअर काढला की कोणाकोणाचं अडतं ते त्यांच्यामुळे दिसत गेलं. आवाज आणि चित्र उलगडणारे भाग नाहीत म्हणून भलतेच प्रोग्रॅम अडू लागले, आणि ते भाग परत घालायला कंपनीला वेगळा संच द्यावा लागला. गाणी वाजवायचा प्रोग्रॅम खुंटी होता. त्याच्या मागे, भिंतीच्या आत, तुळई होती.

सुरक्षिततेच्या तुलनेत तर हा घोळ फारच होतो. अमुक सिस्टिममध्ये इतकी भगदाडं सापडली, तमुकमध्ये तितकी, असे आकडे फिरतात. एका बाजूला हजारो पॅकेजांमधली भगदाडं आणि दुसऱ्या बाजूला निवडक प्रोग्रॅमांमधली, अशी ती बेरीज असेल तर तिला तुलना म्हणायचं कसं? म्हणून ‘सोबतचं मोजू नका’ म्हणणाऱ्यांची बाजू मला इथे सर्वांत भक्कम वाटते. आणि नेमकी इथेच २०२४ च्या मार्चअखेरीस एक अशी घटना घडली की ती आठवली की आजही अंगावर काटा येतो.

आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. दुरून संगणकात शिरण्यासाठी जो एसएसएच वापरतात, त्याला त्यांच्या डेबियनवर नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी चहाचा घोट घेतला असता. ते मागे लागले आणि ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमपाशी पोहोचले. टोपणनावामागच्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे मदत करून त्या प्रकल्पात विश्वास मिळवला होता, आणि मग ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला होता.

आता बघा. फाइली दाबणाऱ्या प्रोग्रॅमचा एसएसएचशी संबंध काय? एसएसएच लिहिणाऱ्यांनी तो कधीच जोडला नव्हता. पण डेबियनसारख्या काही वितरणांनी एसएसएचमध्ये स्वतःची एक छोटी भर घातली होती. सुरू झाल्यावर एसएसएचने त्या पहिल्या प्रोग्रॅमला, इनिटला, ‘मी तयार आहे’ असा निरोप द्यावा. डेबियनमध्ये इनिटचं काम सिस्टिमडी करतो. निरोप द्यायला सिस्टिमडीची लायब्ररी लागते, आणि ती लायब्ररी येताना एक्सझेडला हात धरून आणते. एवढ्याशा निरोपासाठी बांधलेल्या दोरीवरून चोर थेट देवडीपर्यंत आला होता. आर्च लिनक्समध्येही तीच एक्सझेड होती, तीच आवृत्ती. पण तिथे एसएसएचला ती दोरी बांधलेलीच नव्हती, म्हणून चोराची ही वाट तिथे नव्हती. वस्तू तीच, घरं दोन. एकात खुंटी आणि एकात तुळई. सोबत काय आलं याच्या याद्या कितीही ताडून बघितल्या असत्या तरी हा फरक दिसला नसता. डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंतच ते पोहोचलं होतं, स्थिर आवृत्तीत शिरण्याआधी एका माणसाला अर्धा सेकंद खटकला.

आणि आता आपल्या घरातली तुळई.

‘कि’ लिहिताना आपण आधी क म्हणतो, मग इकार. संगणकही तसंच साठवतो, आधी क, मग वेलांटी. पण दाखवताना वेलांटी क च्या आधी यावी लागते. ‘अर्क’मध्ये र आधी साठवलेला असतो, आणि दिसतो मात्र क च्या डोक्यावर रफार होऊन. म्हणजे साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांच्यामध्ये कोणीतरी बसून प्रत्येक शब्दागणिक अक्षरं हलवत, जोडत, चढवत, उतरवत असतं. तुम्ही हे वाक्य वाचताय तेव्हाही. विंडोजमध्ये हे काम करणारं युनिस्क्राइब आलं ते विंडोज २००० बरोबर आणि, मला याचं फार नवल वाटतं, इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर. ज्या ब्राउझरवरून खटला चालू होता, त्याच्याच पाठीवर बसून जगातल्या गुंतागुंतीच्या लिप्या जुळवणारं यंत्र फिरत होतं. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट होता. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी, मराठी कवी, सुलेखनकार, मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले प्राध्यापक. जगभर गेलेल्या त्या तबकडीवर मुंबईतल्या एका कवीच्या हाताचं वळण होतं.

विंडोज एक्सपीत हे सगळं तबकडीवर होतं, पण आपोआप बसत नव्हतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली बसवायच्या चौकटीत बरोबरची खूण करायची, मग संगणक तबकडी मागायचा. तबकडी हाताशी नसली की मराठीच्या जागी चौकोन, किंवा वेलांटी सुटून भलतीकडे. त्या एका चौकटीत खूण नसलेली आणि असलेली अशा दोन विंडोज शेजारी ठेवल्या तर इंग्रजी वाचणाऱ्याला त्यांच्यात काही फरक दिसला नसता. मराठी वाचणाऱ्यासाठी एकीत माळा जागेवर होता आणि दुसरीत तो खाली आलेला होता. म्हणून तुळई कुठली हे घर कोण वापरतंय ते विचारल्याशिवाय ठरत नाही. सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्सचा पाया डेबियनचा आहे. भारतीय भाषांसाठी त्यावर जे रचलं, तीच तिची ओळख. ‘सोबतचं मोजू नका’ म्हटलं तर ‘बॉस’बद्दल बोलायला काही उरणारच नाही.

त्यातही मराठीची एक जास्तीची गरज आहे. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. पहिल्यात रफार, दुसऱ्यात य ला चिकटलेली ती छोटी तिरकी रेघ. ही रेघ जुळवता न येणाऱ्या संगणकावर कितीतरी काळ आचाऱ्यांचे आचार्य होत राहिले.

त्या थिजलेल्या कर्नलकडे मी दुसऱ्या रात्री परत गेलो. कोऱ्या डिस्कवर बिझीबॉक्स ठेवला. ही एकच फाइल, पण तिच्यात शेकडो छोटी अवजारं असतात. ती त्या चार जागांपैकी चौथ्या जागेवर ठेवली. या वेळी पॅनिक आलं नाही. एक चिन्ह लुकलुकत उभं राहिलं, बोला म्हणून. पण मराठी? कर्नलच्या स्वतःच्या मजकुरी पडद्याच्या फॉन्टमध्ये ५१२ पेक्षा जास्त चिन्हं मावत नाहीत, आणि अक्षरं जागची हलवणं त्याला ठाऊकच नाही. म्हणून हार्फबझ आणलं. बेहदाद एस्फाबोद यांनी उभं केलेलं हे अक्षरं जुळवणारं यंत्र आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स या सगळ्यांच्या आत बसलेलं आहे. त्याला फॉन्ट वाचणारी लायब्ररी लागली, तिला आणखी एक, रेषा भरणारी वेगळीच. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित फॉन्ट ठेवला. एकेक वस्तू ठेवायची, चालवायचं, कुठे अडतंय ते वाचायचं, पुढची आणायची. तासभर नुसतं माळ्याखाली तुळया सरकवत होतो.

हार्फबझसोबत एक छोटं अवजार मिळतं. शब्द दिला की तो ते टर्मिनलवर ठोकळ्यांनी रेखाटून दाखवतं. देवनागरी टाइप करायची सोय अजून नव्हती, म्हणून युनिकोडचे क्रमांक दिले. द, मग र चा ०९३०, हलन्त, य, काना. क्षणभर काही नाही. मग काळ्या पडद्यावर मोठमोठ्या ठोकळ्यांनी, डोक्यावर रफार घेऊन, ‘दर्या’ उमटला. मी वरची आज्ञा परत घेतली आणि ०९३० चा ०९३१ केला, फक्त शेवटचा आकडा एकाने वाढवला. एंटर दाबलं. रफार खाली उतरला, तिरकी रेघ य ला येऊन चिकटली, आणि दर्याच्या दऱ्या झाल्या.